मदत हवी आहे: व्हिटसंडे बेटांमधला शिडाच्या बोटीचा एक दिवस

ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियातल्या एअरली बीचहून शिडाची बोट भाड्याने घेतोय, कप्तान न घेता. सोबत रत्नागिरीहून आलेले आई-बाबा. बाबा खूश आहेत, आईला मात्र बोट लागते, म्हणून जरा जपून विचारतोय.

नारा इनलेट या खाडीत रात्र काढून सकाळी हूक पॅसेजमधून (दोन बेटांमधली अरुंद सामुद्रधुनी) टंग बे या उपसागरात जायचं, तिथून पायवाटेने हिल इनलेट ही खाडी वरून दिसते त्या माथ्यावर. पांढऱ्या वाळूची नक्षी ओहोटीला खुलते, पण नेमकी तेव्हाच टंग बेच्या किनाऱ्यावर डिंगी (किनाऱ्यावर जायची छोटी होडी) लावणं अवघड, खाली प्रवाळ उघडं पडतं. मग पाणी उतरत असतानाच उतरायचं, की भरती सुरू झाल्यावर? आईला गुडघाभर पाण्यातून चालवायचं नाहीये.

दुसरं, आग्नेयेचा वारा १५-२० नॉट (ताशी सागरी मैल) असेल आणि पॅसेजमधला प्रवाह त्याच्या विरुद्ध, तर लाटा उभ्या राहतात. पॅसेजमधून जायला भरती-ओहोटीच्या कितव्या तासाला निघावं? दुपारी चारच्या आत नांगर टाकायची कंपनीची अट आहे.

मळमळीवर गोळी, आलेपाक, की डेकवर मागे बसवणं, आईच्या वयाच्या माणसांना कशाने खरंच आराम पडला? तिथे स्वतः बोट नेलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.