मोठे देशच कायदा मोडणार असतील तर बाकीच्यांनी तो का पाळायचा?

पंचवटीकर:
सरळ मुद्द्यावर येतो. १९८६ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाराग्वाच्या बाजूने निकाल दिला, अमेरिकेने त्यांच्या बंदरांत सुरुंग पेरले, बंडखोरांना शस्त्रं पुरवली, हे बेकायदा आहे, भरपाई द्या. अमेरिकेने निकाल मानला नाही आणि सुरक्षा परिषदेत ठराव आला तर व्हेटो मारला. २०१६ ला दक्षिण चीन समुद्रावरच्या चीनच्या दाव्याविरुद्धच्या केसमध्ये फिलिपिन्स जिंकलं, चीन म्हणाला आम्हाला मान्य नाही. रशियाने १९९४ ला बुडापेस्टमध्ये युक्रेनच्या सीमा मान्य करून सही केली, युक्रेनने अण्वस्त्रं सोडली, आणि मग २०१४ ला क्रिमिया गेला आणि २०२२ ला अख्ख्या देशावर चढाई. हे तिघंही सुरक्षा परिषदेचे कायम सदस्य, म्हणजे कुंपणच शेत खातंय. मला वाटतं ज्याच्याकडे ताकद जास्त त्याच्यावर नियम पाळायची जबाबदारी पण जास्त, कारण तो सुटला की त्याला अडवणारं कुणी नसतं.

ओझरकर:
दादा, तळमळ कळते पण जग असं चालत नाही. माझी नोकरी ओझरला विमानांच्या कारखान्यात गेली, मिग पाहिलं, सुखोई पाहिलं, देश टिकतो तो त्याच्यावर. आणि हेगचं म्हणाल तर नाशिककरांनी तरी सावरकरांच्या भगूरची आठवण ठेवावी. नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सनच्या खुनानंतर सावरकरांना लंडनहून आणत होते, ८ जुलै १९१० ला त्यांनी मार्सेलला बोटीतून उडी मारली, फ्रान्सच्या जमिनीवर पोचले, तिथल्या पोलिसाने पकडून परत इंग्रजांच्या हवाली केलं. फ्रान्सने तक्रार केली, हेगला लवाद बसला, २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल आला की अटकेत अनियमितता झाली खरी पण ब्रिटनने त्यांना परत द्यायची गरज नाही. आणि निकाल यायच्या आधीच इथे दोन जन्मठेपा सुनावून झाल्या होत्या! त्याच वर्षी अंदमान. हा तुमचा कायदा.

कॉलेजरोडची:
काका, मी लॉ करते, ही केस आम्ही वर्गात वाचलीये आणि मला ती वाचून रागच आला होता. पण त्यातून कायदा नको असं कुठे निघतं? लवादात पाचही जण युरोपातले, एक ब्रिटिश एक फ्रेंच, वाद दोन साम्राज्यांचा, आणि ज्याच्या आयुष्याचा प्रश्न त्याला तिथे उभं राहायची सोयच नाही, भारत तर तेव्हा देश म्हणून हिशेबातच नव्हता. आता कुलभूषण जाधवांची केस घ्या. पाकिस्तानी लष्करी कोर्टाने फाशीची शिक्षा सुनावली, भारत हेगला गेला, मे २०१७ ला स्थगिती, १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ निकाल, की १९६३ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे कॉन्सुलर अ‍ॅक्सेस, म्हणजे आपल्या वकिलातीच्या लोकांना त्यांना भेटू देणं, द्यायलाच हवा होता, शिक्षेचा फेरविचार करा. भारताचे वकील हरीश साळवे १ रुपया फी घेऊन लढले. फाशी थांबली ती या निकालाने.

ओझरकर:
थांबली, पण माणूस घरी आला का? आणि पाकिस्तान महासत्ता नाही, तिथे दबाव चालतो. अमेरिकेला कोण स्थगिती देणार.

निफाडचा बागायतदार:
मला कोर्टातलं कळत नाही पण २०२४ चा सीझन विसरणार नाही. येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, युरोपला जाणारे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून निघाले, दोनेक आठवडे जास्त आणि भाडं कुठच्या कुठे. द्राक्ष आहे ते, लोखंड नाही, तिकडं पोचेस्तोवर मणी टिकला पाहिजे, देठ हिरवा राहिला पाहिजे. समुद्रातनं कुणाचंही जहाज बिनधोक जावं हा पण आंतरराष्ट्रीय नियमच ना? मग मोठे देश स्वतःच नियम तोडायला लागले तर असल्या टोळ्यांना कोणत्या तोंडानं सांगणार?

ओझरकर:
भाऊ, तुमचे कंटेनर वाचवायला युद्धनौका लागतात, करार नाही. आपल्याच आयएनएस कोलकाताने मार्च २०२४ ला रुएन जहाज सोडवलं, ३५ चाचे पकडून मुंबईत आणले.

पंचवटीकर:
बरोब्बर, आणि मुंबईत आणून काय केलं? पोलिसांच्या ताब्यात दिलं, खटला. समुद्रातच गोळ्या घातल्या असत्या तर कोण विचारणार होतं? पण आपण २०२२ ला चाचेगिरीविरोधी कायदा केलाय, तो आंतरराष्ट्रीय सागरी करारावरच उभा आहे. ताकद नको असं मी म्हणतच नाहीये काका, ती अशी वापरा म्हणतोय. २०१४ ला सागरी हद्दीच्या वादात लवादाने बांगलादेशला वादातल्या भागाचा मोठा हिस्सा दिला, आपण मोठे असून निकाल मान्य केला, म्हणून तर चीनला २०१६ चा निकाल पाळा म्हणायला आपल्याला तोंड आहे.

कॉलेजरोडची:
दादा, इथे मला तुम्हाला पण टोकायचंय. मानवी हक्कांचं काय? संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर भारताने १९९७ ला सही केली, अजून मंजुरी दिलेली नाही. २०१० ला लोकसभेत त्यासाठीचं विधेयक पास झालं, राज्यसभेत अडकलं ते अडकलंच. आणि त्याचा तोटा आपल्यालाच होतो, बंगालमधल्या पुरुलियाला १९९५ ला विमानातून शस्त्रं टाकली त्यातला डॅनिश आरोपी किम डेव्ही आपल्याला हवा होता, डेन्मार्कच्या हायकोर्टाने २०११ ला सांगितलं की भारतात त्याचा छळ होऊ शकतो, देणार नाही. अमेरिकेच्या ग्वांतानामो तुरुंगातल्या छळावर आपण बोलायचं आणि पोलीस कोठडीतल्या मारहाणीवर गप्प, हे मला पटत नाही.

ओझरकर:
पोरी, किम डेव्हीचं हे कारण मला माहीत नव्हतं. पण आपण सगळं पाळत बसलो आणि शेजारी पाळत नाही तर पोलिसांचे, जवानांचे हात बांधले जातात, हे माझं मत कायम आहे.

कॉलेजरोडची:
काका, कोठडीत हात-पाय बांधलेल्या माणसाला मारायला कसली मोकळीक हवी? शेजाऱ्याचा तिथे काय संबंध?

पंचवटीकर:
पटलं. ताई, २०१० च्या विधेयकाची प्रत असेल तर इथे टाक, आपल्या खासदारांना पत्र लिहू, ओझरकर काका सही करणार नाहीत पण मी करतो.

निफाडचा बागायतदार:
माझी पण घ्या सही.