पॉवर स्टिअरिंगची नळी गळायला लागली तेव्हा : तुमचे अनुभव लिहा

बाबांची 2004 ची एस्टीम आता मी चालवतो. मार्चमध्ये एका सकाळी पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढा लाल डाग दिसला. इंजिन ऑईल काळं, कूलंट हिरवं, म्हणजे लाल ते स्टिअरिंगचंच. बॉनेट उघडून पाहिलं तर डब्यातलं तेल खालच्या रेघेच्याही खाली गेलेलं. आठवडाभर रोज ओतत राहिलो. मग गाडी मागे घेताना स्टिअरिंग फुल कट केलं की पंप कण्हायला लागला आणि डब्यातल्या तेलावर साबणासारखा फेस दिसला. तेल कमी पडून पंप हवा ओढत होता.

पंपाकडून रॅककडे (स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा भाग) दाबाचं तेल नेणारी प्रेशरची नळी गळत होती. रबर आणि लोखंडी टोक जिथे चेपून जोडलेलं असतं, नेमकं तिथून. नवीन नळी नाना पेठेत चार दुकानं फिरूनही मिळाली नाही, म्हणून जुन्या टोकांवर नवीन होज (रबरी नळी) मशीनने चेपून, म्हणजे प्रेस करून घेतला. खर्च 1,400 रुपये आणि माझे दोन रविवार. वीस वर्षांच्या गाड्या ठेवणारे आपल्यात पुष्कळ आहेत आणि या कामाबद्दल मराठीत फारसं कुठे वाचायला मिळत नाही. ज्यांनी स्वतः केलं किंवा करून घेतलं, त्यांनी सविस्तर लिहा. चुकलं असेल तर तेही लिहा, त्याचाच जास्त उपयोग होतो.

डोंबिवलीहून

माझा अनुभव चुकीच्या निदानाचा आहे. गॅरेजमध्ये गाडी वर उचलली, रॅकचा रबरी बूट तेलाने माखलेला दिसला आणि निकाल लागला, "रॅक गेला." रॅक, पंप, मजुरी मिळून 22 हजार भरले. पंधरा दिवसांत डाग परत आला. दुसऱ्या मिस्त्रींनी आधी सगळा भाग डिझेलने धुतला, कोरडा पुसला, वर टाल्कम पावडर भुरभुरली आणि इंजिन चालू ठेवून मला स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवायला सांगितलं. पाच मिनिटांत पावडरीवर ओली रेघ उमटली. ती परतीच्या नळीच्या (रॅककडून तेल डब्यात परत आणणारी) क्लिपपासून निघून नळीच्या अंगाने खाली उतरत रॅकवर येत होती. क्लिप आणि वीतभर नळी, सगळे मिळून 250 रुपये.

त्यांनी सांगितलेली एक खूण लक्षात ठेवली आहे. रॅकचा बूट हाताने दाबून पाहायचा. आत तेल खळखळलं तर रॅकचं सील गेलेलं. बूट फक्त बाहेरून ओला असेल तर आधी वर बघायचं. तेल वरून खाली येतं ही साधी गोष्ट मला 22 हजारांना समजली, तुम्हाला फुकट समजावी म्हणून लिहिलं.

चिपळूणहून

कुंभार्ली घाट उतरताना माझ्या गाडीची नळी फुटली. मागच्या सीटवर आई आणि दोन मुलं. आधी बॉनेटमधून धूर आला, जळक्या तेलाचा वास आला आणि पुढच्याच वळणावर स्टिअरिंग दगडासारखं झालं. त्या क्षणी वाटलं, स्टिअरिंग लॉक झालं. ते लॉक झालेलं नसतं, ताईंनो आणि दादांनो, हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. चाकं वळतात, फक्त सगळी ताकद आपल्याला लावावी लागते. दोन्ही हातांनी ओढून गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि मुलांना लांब उभं केलं.

धूर येत होता तो एक्झॉस्टच्या तापलेल्या मॅनिफोल्डवर तेल उडत होतं म्हणून. हे तेल पेट घेऊ शकतं. त्यामुळे "गळतंय थोडं, बघू नंतर" असं ज्यांचं चाललंय त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, थेंब कुठे पडतो ते तरी आज बघून घ्या. माझी नळी सहा महिने पाझरत होती आणि मी दर महिन्याला तेल ओतून घेत होते.

उद्यमनगर, कोल्हापूर येथून

मी होज प्रेस करण्याच्या दुकानात सोळा वर्षं काम करतोय. जेसीबी, ट्रॅक्टर, उसाच्या ट्रॉलीचे जॅक हे रोजचं काम. कारचे होज आठवड्याला दोन-चार येतात. काही गोष्टी मनापासून सांगतो.

जुनी नळी कापून आणू नका, अख्खी आणा. दोन्ही टोकांना वाकवलेले लोखंडी पाईप असतात आणि ते एकमेकांशी ठरावीक कोनात असतात. आम्ही कापायच्या आधी नळीवर खडूने सरळ रेघ मारतो आणि टोकं त्याच कोनात धरून प्रेस करतो. कोन दहा-पंधरा अंश चुकला तर गाडीवर बसवताना नळी पिळली जाते आणि त्याच पिळातून वर्षभरात पुन्हा फुटते. लांबीचंही तसंच. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, रॅक हलत नाही, तेवढी ढील नळीत लागतेच.

प्रेशर बाजूला क्लिप चालत नाही. स्टिअरिंग फुल कट धरल्यावर या नळीत 70 ते 100 बार दाब येतो, टायरमधल्या हवेच्या तीस-चाळीस पट. रबरात तारेच्या दोन जाळ्या असलेला आर-टू जातीचा होज, आतून तीन अष्टमांश इंच व्यासाचा, 330 बारला चालतो, त्यामुळे दाबाची काळजी नाही. काळजी उष्णतेची. साधा हायड्रॉलिक होज 100 अंश सेल्सिअसपर्यंतचा असतो. नळी मॅनिफोल्डच्या जवळून जात असेल तर जास्त तापमानाचा होज मागा आणि वरून उष्णतारोधक स्लीव्ह चढवून घ्या. दोनशे-तीनशे रुपये वाढतात, वाढू द्या.

आणि चालू इंजिनवर गळती शोधताना नळीवरून बोट फिरवू नका. सुईएवढ्या छिद्रातून निघालेली धार कातडी फोडून आत जाते. आमच्या धंद्यात असा हात मी पाहिलाय, लगेच ऑपरेशन करावं लागलं होतं. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरा, त्यावर धार उमटते.

न्यू जर्सीहून

इकडे रबर टिकलं आणि लोखंड गेलं. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते गाडीच्या पोटाला लागून सगळं गंजवतं. माझ्या 2005 च्या कॅमरीच्या नळीचा लोखंडी भाग सबफ्रेमजवळ इतका गंजला होता की नखाने पापुद्रे निघत होते. रॅकवरचा नट साध्या पान्याने फिरवायला गेलो आणि कोपरे गोल होऊ लागले, तिथेच थांबलो. तो नट पातळ असतो आणि मध्ये पाईप असल्यामुळे रिंग पाना घालता येत नाही. त्यासाठी फ्लेअर नटचा पाना मिळतो, एका बाजूला फट असलेला. इथली स्पेअर पार्टची दुकानं हत्यारं अनामत रकमेवर घरी देतात, तिथून आणला. दोन रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, तिसऱ्या दिवशी नट "टक्" आवाज करून सुटला. तो आवाज ऐकून गॅरेजमध्ये एकटाच ओरडलो. जुनं तेल बाटलीत भरून त्याच दुकानात परत दिलं, ते घेतात.

साताऱ्याहून

गळती थांबवणारं बाटलीतलं औषध मी घातलं होतं. दोन महिने बरं चाललं. नंतर नळीही गळायला लागली आणि पंपाचं सीलही. फुटलेल्या नळीला त्याने काहीही होत नाही.

परभणीहून

परतीच्या बाजूला दाब अगदी कमी असतो, तिथे क्लिप चालते, हे बरोबर. पण घाईत गावातल्या दुकानातून रेडिएटरची नळी आणून बसवू नका. मी बसवली होती. पाण्याचं रबर तेलात फुगतं. तीन आठवड्यांत नळी मऊ पडून क्लिपमधून घसरली आणि सगळं तेल बेल्टवर गेलं, बेल्टही बदलावा लागला. तेल चालणारा होज मागून घ्या, किंमत जवळपास तेवढीच आहे.

पुणे, धागा सुरू करणारा

काय काय आलंय! कोल्हापूरच्या दादांचे विशेष आभार, माझ्या नळीचा कोन चुकला नाही तो अशाच एका कारागिरामुळे. नळी बदलल्यावर तेलात अडकलेली हवा कशी काढायची, असं दोघांनी मला विचारलंय. तिथे मी स्वतः चुकलो होतो म्हणून नीट लिहितो.

पहिल्या रविवारी नळी बसवली, तेल भरलं आणि सरळ इंजिन चालू केलं. पंपाने हवा आणि तेल घुसळून गुलाबी मिल्कशेक केला. तो फेस खाली बसायला रात्र गेली. दुसऱ्या वेळी पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली, खाली स्टँड लावले आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश वीस वेळा फिरवलं. बायको डब्यापाशी बसून तेल ओतत होती आणि "बुडबुडा... बुडबुडा... आता नाही" असं सांगत होती. बुडबुडे थांबल्यावरच चावी फिरवली. टोकाला नेऊन धरून ठेवायचं नाही, पाच सेकंदांच्या वर नाहीच.

बँजो बोल्टच्या (नळीचं टोक पंपाला जोडणारा पोकळ बोल्ट) दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवीन घातले, रॅककडची ओ-रिंगही (रबरी कडी). जुना वॉशर एकदा दबला की पुन्हा तसाच बसत नाही. तेल कोणतं ते डब्याच्या टोपीवर किंवा हँडबुकात असतं. माझ्या गाडीला लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) डेक्सरॉन लागतं, काही जर्मन गाड्यांना हिरवं लागतं. रंग बघून एकमेकांत मिसळू नका.

अलिबागहून

प्रेस केलेला होज बसवल्यापासून गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं की "गुंऽऽ" असं होतंय. हवा पूर्ण काढली आहे, फेस नाही. हे चालेल का?

उद्यमनगर, कोल्हापूर येथून

नळी कुठे बॉडीला टेकलीय का बघा. कंपनीची नळी थोडी फुगते आणि पंपाचे ठोके पोटात घेते, काहींच्या आत त्यासाठी वेगळी बारीक नळीही असते. आमचा होज कडक, तो ठोके पुढे पाठवतो. त्यात पत्र्याला टेकला की आवाज केबिनमध्ये येतो. जुन्या नळीवरचा रबरी बुश आणि पट्टी काढून ठेवली असेल तर ती परत लावा. टेकून राहिला तर घासून जाळीपर्यंत जाईल, म्हणून चालवत राहू नका.

अलिबागहून

बुश टूलबॉक्समध्येच होता, मेकॅनिकने लावलाच नव्हता. नळी ब्रेकच्या पाईपला टेकत होती, दोन्हीवर चकचकीत घासल्याची खूण पडलेली. बुश लावून पट्टी आवळली. थोडी गुणगुण आहे, पण काचा बंद केल्यावर ऐकू येत नाही. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा घालून ठेवला होता, सकाळी कोरडा निघाला.