चर्चा : सीमाभागातील प्रवाशाला महामंडळाचे ॲप हवे की गाड्यांची खुली माहिती?

बेळगावकर :
बेळगावहून शिनोळीमार्गे चंदगडकडे जाणाऱ्या रस्त्यावर वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाच्या गाड्याही धावतात आणि महाराष्ट्राची एसटीही धावते. थांब्यावरच्या माणसाला जी आधी येईल ती हवी असते. महामंडळाचे ॲप मात्र स्वभावतःच आपल्या घरच्या गाड्या दाखवणार. त्यात भाड्याचे गणितही निराळे आहे. शक्ती योजनेमुळे 11 जून 2023 पासून कर्नाटकातील रहिवासी महिलांना राज्याच्या साध्या गाड्यांतून राज्यात मोफत प्रवास मिळतो, तर महाराष्ट्रात 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. कोणती गाडी केव्हा येते, हे ठाऊक असणे म्हणूनच येथे पैशाशी जोडलेले आहे.

माझे मत असे की, महामंडळांनी नवी ॲप काढण्यापेक्षा वेळापत्रके खुली करावीत, म्हणजे कोणालाही घेऊन वापरता येतील अशी द्यावीत. अमेरिकेतील पोर्टलँडची ट्रायमेट ही परिवहन संस्था आणि गूगल यांनी 2005 मध्ये यासाठी एक सामाईक साचा वापरात आणला, तोच पुढे जीटीएफएस म्हणून जगभर रुळला; दिल्लीनेही 2018 मध्ये आपल्या बसची माहिती खुली केली. या साच्यात थांब्यांची नावे कन्नड आणि मराठी, दोन्हीत देता येतात. दोन्ही महामंडळांनी वेळापत्रके अशी दिली, तर कोणीही ती एका पडद्यावर आणू शकेल.

निवृत्त वाहक, खानापूर :
आपला मुद्दा शहराला लागू पडतो. जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्ट्यात मोबाइलला रेंज मिळेलच, याची खात्री कोण देणार? पण माझी मुख्य हरकत वेगळी आहे. फेरी रद्द होते ती चालक आला नाही किंवा गाडी नादुरुस्त झाली म्हणून, आणि ते पहाटे आगारात ठरते. खुल्या वेळापत्रकात ती फेरी दिमाखात उभीच राहणार. स्थानकावरचा नियंत्रक निदान खरे सांगतो. पैसा खर्चायचाच असेल, तर प्रत्येक स्थानकावर चालू दूरध्वनी, तो उचलणारा माणूस आणि कन्नड-मराठी उद्घोषणा यांवर खर्चावा.

बेळगावकर :
वेळापत्रक खोटे ठरते, हे मान्य. पण 1 जानेवारी 2019 पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत स्थानदर्शक यंत्र बसवणे केंद्राच्या नियमाने बंधनकारक झाले आहे. ते यंत्र प्रवाशाच्या कामी का येऊ नये? फेब्रुवारी 2025 मध्ये बेळगावजवळ वाहकाला झालेल्या मारहाणीनंतर दोन राज्यांमधली बससेवा काही काळ थांबली. अशा दिवशी निपाणीच्या माणसाने कोल्हापूरला निघावे की नाही, हे विचारायला त्याने स्थानक गाठायचे काय?

निवृत्त वाहक, खानापूर :
सुटलेल्या गाडीचा ठिपका नकाशावर दिसेल. न सुटलेल्या गाडीचा ठिपकाच नसतो. रद्द फेरीची नोंद कोणीतरी हाताने करावी लागेल, आणि तो कोणीतरी म्हणजे पुन्हा आमचा नियंत्रकच, ज्याच्या टेबलावर आधीच तीन रजिस्टरे असतात.

एक विद्यार्थिनी, निपाणी :
आपण दोघेही केवळ सांगण्याविषयी बोलता आहात, ऐकण्याचे काय? समाजमाध्यमांवर तक्रार लिहिणाऱ्याला तत्परतेने उत्तर मिळते आणि सकाळच्या जादा फेरीसाठी गावाने दिलेला अर्ज फाइलीत पडून राहतो, ही माझ्या मते डिजिटल संपर्काची खरी लबाडी आहे. वास्तविक शक्ती योजनेत प्रत्येक महिलेला शून्य रकमेचे तिकीट मिळते. कोणत्या फेरीला, कोठून कोठपर्यंत किती बायका जातात, हे महामंडळाला त्यातून कळते, आणि त्यासाठी कोणाच्या हाती मोबाइलही लागत नाही. वेळा ठरवताना आधी हीच माहिती पाहावी.

निवृत्त वाहक, खानापूर :
ताई, तिकिटाच्या मशीनला चढलेले प्रवासी कळतात. गाडी भरली म्हणून घंटी देऊन पुढे नेली, तेव्हा थांब्यावर राहिलेल्या मुली त्यात कोठेच नसतात, आणि कॉलेजच्या वेळेला प्रश्न त्यांचाच असतो. वाहकाला त्याच मशीनमध्ये ‘गाडी भरली, प्रवासी राहिले’ एवढी नोंद थांब्यानिशी करता आली, तर मी आपल्या बाजूने मत देईन. मात्र त्या नोंदीवरून वाहकालाच नोटीस काढणार नाही, असे आधी लेखी हवे.