मिरची आणि चेरी घातलेली काळी बिअर कशी चाखावी?

प्रश्न: मेहुण्यांनी परदेशातून चेरी व सुकी मिरची घालून केलेली, १० टक्के मद्यार्काची इम्पीरियल स्टाउट (कडक काळी बिअर) आणली आहे. सावजी रश्श्यावर वाढलेल्या नागपूरकराला तिचे तिखट जाणवेल का, आणि ती थंडगार प्यावी का?

उत्तर: फ्रिजमधून काढून वीस मिनिटे बाहेर ठेवावी (आपल्या मे महिन्यात दहाच पुरेत), कारण फार गार असताना नुसता कडवटपणा लागतो आणि भाजलेल्या माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या जवाच्या) चवीमागचा चेरीचा आंबटपणा दबून जातो. माझी पहिली बाटली अशीच वाया गेली.

उत्तर: तिखट घोट उतरल्यावर घशात जाणवते. मिरचीला तिखटपणा देणारे कॅप्सेसिन पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये सहज विरघळते, म्हणून भिवापुरी मिरचीची सवय असली तरी सोबत सावजी नको. संत्रा बर्फी ठेवावी.

प्रश्नकर्ता: बर्फी आणली आहे. मेहुणे मात्र तर्री मागत आहेत.