मदत हवी आहे: दिव्यांच्या फोटोत हिरवे ठिपके, उद्याच शूट आहे

आकाशकंदील:
उद्या त्रिपुरारी पौर्णिमेचा दीपोत्सव काढायचाय. आज ट्रायल घेतली तर प्रत्येक फोटोत हिरवे ठिपके. दिवसा काहीच नसतं. लेन्स पुसून झाली. सेन्सर गेला का? लवकर सांगा प्लीज.

निशाचर:
लेन्स कुठली? पुढे फिल्टर आहे? कॅमेरा हलवला की ठिपके सरकतात का? सेन्सरचा दोष असेल तर जागचे हलणार नाहीत.

आकाशकंदील:
सरकतात. 24-70 एफ 2.8. फिल्टर आहे, दुकानदाराने लेन्सवर लावून दिला तोच. साधी काच तर आहे, तिचा काय संबंध?

निशाचर:
तिचाच संबंध. फोटोच्या मध्यबिंदूतून रेघ मारून बघा. दिवा वर डावीकडे असेल तर ठिपका तेवढ्याच अंतरावर खाली उजवीकडे सापडेल, दिव्यांची रांगही उलटी. सेन्सरवरून परतलेला उजेड फिल्टरच्या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत येतो. कोटिंग (चकाकी कमी करणारा पातळ थर) नसलेली काच दर पृष्ठभागाला साधारण 4 टक्के उजेड परतवते, म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून 8. चांगल्या मल्टिकोटेड काचेत हे अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतं, पण काळ्या आकाशावर तेवढंही दिसू शकतं. फिल्टर काढा, विषय संपला.

भिंगरी:
आणि पुन्हा लावूच नका. हा यूव्ही फिल्टर, म्हणजे अतिनील किरण अडवणारी काच, फिल्मच्या जमान्यातला. आता सेन्सरपुढेच यूव्ही अडवणारी काच असते. लेन्स आपटलीच तर हूड, म्हणजे लेन्सपुढची नळकांडी, मार खातो. फिल्टरची पातळ काच फुटली तर तिचेच तुकडे पुढच्या भिंगावर ओरखडे काढतात.

खारावारा:
@भिंगरी, समुद्रावर या एकदा. खारे तुषार भिंगावर वाळले की मिठाचे कण राहतात, आणि त्यावर कापड फिरवलं की कोटिंगचं वाटोळं. हूड काय करणार? शिवाय कॅननची 17-40 एफ 4 एल लेन्सच बघा, तिचं पुढचं सीलिंग (धूळ-पाणी अडवणारी सोय) फिल्टर लावल्यावरच पूर्ण होतं, कंपनीच सांगते.

भिंगरी:
धागा दीपोत्सवाचा आहे. नदीच्या घाटावर कुठलं मीठ?

रंगीतढग:
सीपीएल (पोलरायझर फिल्टर) लावा, सगळी रिफ्लेक्शन्स जातात.

निशाचर:
पाण्यावरची जातात, ही नाही. उलट दीड स्टॉप, म्हणजे साधारण दोन तृतीयांश उजेड जाईल, तोही रात्री.

आकाशकंदील:
अहो, फिल्टर निघतच नाहीये! पकडीने आवळू का?

निशाचर:
अजिबात नको! दाबलं की रिंग लंबगोल होते आणि आटे आणखी आवळतात. आधी हूड काढा. झूम रिंग नव्हे, लेन्सची पुढची नळी धरा, नाहीतर जोर आतल्या यंत्रणेवर येतो. फिल्टरच्या कडेला रुंद रबरबँड चढवा आणि पाची बोटांनी सारखा, हलका जोर देत घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. नाहीच हललं तर सपाट रबरी मॅटवर लेन्स पालथी धरून फिल्टरची रिंग टेकवा आणि लेन्स फिरवा. दाब चहूबाजूंनी सारखा बसतो.

खारावारा:
डब्ल्यूडी-40 (अडकलेले भाग सोडवायचा तेलकट स्प्रे) मारू नका, तेल आत उतरतं. फ्रीजमध्येही ठेवू नका, बाहेर काढल्यावर दव धरेल. अॅल्युमिनियमची रिंग अॅल्युमिनियमच्या आट्यात अशी अडकते, पितळी कमी अडकते. पुढच्या वेळी घट्ट न आवळता लागली की थांबा.

दोनपैसे:
पन्नास हजारांत नवशिक्याला कुठला कॅमेरा?

भिंगरी:
वेगळा धागा काढा हो.

आकाशकंदील:
मॅटवर निघाला! ठिपके गायब. धन्यवाद. आता दिव्यांना तारे हवेत, स्टार फिल्टर मिळतो ना?

निशाचर:
एक काच काढली, लगेच दुसरी? लेन्सचं छिद्र लहान करून एफ 16 ला न्या. डायफ्रामला (छिद्र लहान-मोठं करणाऱ्या पडद्याला) 9 पाती असतील तर 18 किरणं, 8 असतील तर 8च. मात्र तारे लांबच्या बारीक दिव्यांना येतात, जवळच्या पणतीची ज्योत पसरट असल्याने तिला नाही. शटर काही सेकंदांवर जाईल, तेव्हा ट्रायपॉड लागेल आणि माणसं हललेली येतील. माणसांसाठी वेगळी फ्रेम छिद्र पूर्ण उघडून एफ 2.8 ला घ्या.

रंगीतढग:
स्टार फिल्टर चांगला दिसतो हो, 6 किरणांचा घ्या.