मदत हवी आहे : सावलीच्या प्रयोगाला तिसरं ठिकाण हवं का?

आठवीच्या मुलांबरोबर एराटोस्थेनिसचा (प्राचीन ग्रीक विद्वान) सावलीचा प्रयोग केला, म्हणजे दोन ठिकाणच्या सावल्यांवरून पृथ्वीचा परीघ काढायचा. आमची शाळा सावंतवाडीजवळ, जोडीदार शाळा नाशिकला. दोन्हींचे रेखांश जवळपास सारखे, दक्षिणोत्तर अंतर सुमारे ४५५ किमी. सप्टेंबरच्या विषुवदिनी १ मीटर काठी उभी करून सर्वांत आखूड सावली मोजली: इथे २८ सेंमी, तिथे ३६.५. कोनांतला फरक ४.४ अंश, म्हणजे परीघ ३७,००० किमीच्या आसपास. मुलं खूश!

पण एका मुलीने विचारलं, जमीन सपाट आणि सूर्य जवळ असेल तरी सावल्या वेगळ्या पडतील ना? प्रश्न अगदी बरोबर आहे. दोन ठिकाणांवरून हे ठरत नाही, तिसरं लागतं. उदयपूर त्याच रेखांशावर आहे. पण गणित केलं तर गोल पृथ्वी-दूरचा सूर्य आणि सपाट जमीन-जवळचा सूर्य या दोन कल्पनांनुसार तिथल्या विषुवदिनाच्या सावलीच्या लांबीत फक्त अर्धा सेंमी फरक येतो, आणि सावलीची कडाच साधारण एक सेंमी धूसर असते. २२ डिसेंबरला हा फरक दोन सेंमीच्या वर जातो, पण सावली लांबल्याने धूसरपणाही वाढतो.

ओळंबा आणि पाणसळ वापरलीच होती, त्यामुळे काठी तिरपी नव्हती. काठीच्या टोकाला बारीक भोकाची पत्र्याची चकती लावून सूर्यबिंबाचा मध्य मोजायचा विचार आहे. खर्च पाचशेच्या आत हवा, दुर्बीण नाही.

कोणी असं केलंय का? १ मीटर उंचीला भोक किती मिलिमीटरचं ठेवावं, म्हणजे मध्य २-३ मिमीपर्यंत अचूक मिळेल?