मदत हवी आहे: चाळिशीत पोहायला शिकतेय, डोळे-कान-दम सगळ्याच शंका

दांडियाबाजारकरीण:
नमस्कार मंडळी. वडोदऱ्यात राहते. विश्वामित्रीत मगरी, त्यामुळे पाठीला डबा बांधून नदीत ढकलणारा काका आमच्या नशिबी नव्हता. आता लेकीबरोबर पूलची उन्हाळी बॅच लावलीय. क्लोरीनचा भपकारा येतो. सासूबाई म्हणतात, वास येतोय म्हणजे पाणी चोख. मग पोहून आल्यावर आमचे डोळे लाल का? लेकीच्या कानात दडे बसतात. माझा दम चार हातांतच संपतो, कोच नुसते "श्वास घ्या" म्हणून ओरडतात. सुती टीशर्ट चालत नाही म्हणतात, ते का? आणि "हे" म्हणतात, आधी दोन तास काही खायचं नाही. खरं का?

पाणीवाला:
सासूबाईंना हळूच सांगा, उलटं आहे. क्लोरीन लोकांच्या घामाशी आणि (हो, तेच) लघवीशी मिसळलं की क्लोरामाइन तयार होतं. तो भपकारा त्याचा, डोळेही तेच झोंबवतं. म्हणजे वास जास्त तितकी पाण्यात घाण जास्त. नीट राखलेल्या तलावाला फारसा वास येत नाही. मुक्त क्लोरीन (म्हणजे अजून घाणीशी न मिसळलेलं) लिटरला किमान 1 मिलिग्रॅम आणि सामू (pH) 7.2 ते 7.8 हवा. पूलवाल्यांकडे नोंदी असतात, बिनधास्त मागा. तुमचा पूल उघडा असेल तर मे महिन्यातलं ऊन क्लोरीन भराभर खातं, म्हणून दुपारची नोंद आवर्जून बघा. चांगला घट्ट गॉगल घ्या. आणि उतरण्याआधी साबण लावून आंघोळ, सगळ्यांनीच. आपल्याकडे ती पाटी फक्त वाचायला असते.

अलकापुरीचा आजोबा:
ताई, घोळ श्वास घेण्यात नाही, सोडण्यात आहे. नवशिके पाण्यात दम कोंडून ठेवतात, मग तोंड वर आलं की तेवढ्यात सोडायचंही आणि घ्यायचंही. जमणार कसं? तोंड पाण्यात असताना नाकाने बुडबुडे काढत राहा. आधी उथळ बाजूला कठडा धरून, हात मारणं नंतर. मुलांना मात्र एक सांगा: भराभर खोल श्वास घेऊन पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो, या पैजा नकोत. आतल्या आत शुद्ध हरपते, काठावरच्याला कळतही नाही.

दांडियाबाजारकरीण:
बुडबुडे आज करून बघते! कानाचं कोणी सांगेल का?

रावपुऱ्याची नर्स:
डोकं एका बाजूला कलवून कानाची पाळी हलकेच ओढा, पाणी निघतं. टॉवेलने बाहेरून पुसा. कापूसकाडी अजिबात नको. पाळी ओढल्यावर कळ आली किंवा कान वाहिला, तर कानाच्या डॉक्टरांकडे जा आणि तोवर पूल बंद. पडद्याला भोक असेल तर त्यांना विचारल्याशिवाय उतरवू नका.
सुती कपडा पाणी पिऊन जड होतो, त्याचे धागे फिल्टरमध्ये अडकतात. नायलॉन-लायक्राचा पूर्ण बाह्यांचा कॉश्च्युम मिळतो, संकोच नको.
दोन तास उपाशी राहायची गरज नाही. केळं वगैरे चालतं, सेव-उसळ हाणून उतरू नका इतकंच. जुलाब होत असतील तर मात्र घरीच राहा. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरीनच्या पाण्यातही कित्येक दिवस तग धरतो.